नाव एक, भिवपुरी तीन

नेरळ सोडून कर्जतकडे निघालेली लोकल मध्ये एकाच स्थानकावर थांबते, भिवपुरी रोड. पावसाळ्यात इथे उतरणारी तरुण मंडळी माथेरानच्या डोंगरातून कोसळणाऱ्या आषाणेच्या धबधब्याकडे वळतात आणि घरी जाऊन ‘भिवपुरीला गेलो होतो’ म्हणून सांगतात. ज्या गावाचे नाव स्थानकाला मिळाले ते भिवपुरी मात्र रुळांपासून बरेच पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी तिथे खाली उतरते आणि टाटांच्या जलविद्युत केंद्रात १९२२ पासून त्याची वीज होते. स्थानक, धबधबा आणि वीजकेंद्र, तिघांनाही लोक भिवपुरीच म्हणतात.

माणसाचा हा घोळ गाडीतला शेजारी सोडवतो. संगणकासाठी मात्र कोणीतरी बसून तो सोडवून ठेवावा लागतो : हे रेल्वे स्थानक, तो धबधबा, ते वीजकेंद्र, प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश वेगळे, स्थानक आणि केंद्र सुरू झाल्याची साले वेगळी. मजकुराच्या मागे राहून मजकुराविषयी सांगणाऱ्या या माहितीला मेटाडेटा म्हणतात. वाचकाला तो सहसा दिसत नाही. पण वाचक योग्य पानावर पोहोचला तर त्याचे बरेचसे श्रेय या न दिसणाऱ्या नोंदींचे असते, आणि मराठीत या कामाकडे जितके लक्ष जायला हवे तितके अजून जात नाही.

हे काम उघड्यावर, कोणालाही पाहता येईल असे चालते ते मराठी विकिपीडियावर. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, हा ज्ञानकोश सुरू झाला. तिथली कामाची भाषा ऐकण्यासारखी आहे. नवा लेखक आधी ‘धूळपाटी’वर मजकूर गिरवतो. वाद-चर्चा ‘चावडी’वर होतात. एकाच तऱ्हेची कंटाळवाणी दुरुस्ती शेकडो पानांवर करणाऱ्या संगणकीय आज्ञावलीला ‘सांगकाम्या’ म्हणतात. एखाद्या गावावरचा लेख धूळपाटीवरून मुख्य जागी आला की खरी मशागत सुरू होते. उजव्या बाजूला माहितीचौकट बसवायची, तिच्यात तालुका, जिल्हा आणि ठिकाणाचे निर्देशांक भरायचे. विधानांना संदर्भ द्यायचे. तळाशी वर्ग लावायचे, म्हणजे तो लेख ‘कर्जत तालुक्यातील गावे’ अशा यादीत आपोआप जाऊन बसतो. वेगवेगळ्या शुद्धलेखनांनी शोधणारा वाचक चुकू नये म्हणून ‘भिवपूरी’सारख्या रूपांवरून मुख्य पानाकडे पुनर्निर्देशन करायचे. या सगळ्यात प्रत्येक बदलाचा इतिहास जपला जातो : कोणत्या सदस्याने, कोणत्या तारखेला, कोणत्या मिनिटाला काय बदलले. तो इतिहासही मेटाडेटाच. चुकीचा आकडा कधी शिरला हे शोधायला त्याच्याइतका खात्रीचा साक्षीदार नाही.

कल्याणच्या पलीकडे लोहमार्ग वाढत होता त्या काळातल्या कागदांत तर आणखी वेगळी नावे भेटतात. १२ मे १८५६ रोजी पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत गाडी आली तेव्हा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या इंग्रजी स्पेलिंगांत पळसदरी ‘पडसधरी’सारखी आणि खोपोली ‘कॅम्पुली’सारखी लिहिली जात होती. ही जुनी रूपे नोंदीत ‘इतर नावे’ म्हणून घातली नाहीत, तर खोपोलीचा इतिहास शोधणाऱ्या विद्यार्थ्याला कॅम्पुलीचा कागद कधीच सापडणार नाही. कागद जगात असेल, त्याच्यापुरता तो नसेल.

२०१२ पर्यंत विकिपीडियाची एक मोठी अडचण होती. भिवपुरी रोडवरचा मराठी लेख इंग्रजी किंवा हिंदी लेखाशी जोडायचा, तर प्रत्येक भाषेच्या पानात तळाशी बाकीच्या भाषांचे दुवे लिहावे लागत. एका ठिकाणी शीर्षक बदलले की सगळीकडे फिरून दुरुस्ती. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी विकिडेटा सुरू झाला आणि पुढे हे दुवे एका जागी आले. तिथे प्रत्येक गोष्टीला एक क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाखाली छोटी छोटी विधाने लिहिली जातात. स्थानकासाठी ती अशी होतील : प्रकार – रेल्वे स्थानक; संकेत – बीव्हीएस; शेजारची स्थानके – नेरळ आणि कर्जत. वीजकेंद्राचा क्रमांक निराळा. त्याची विधाने सांगतील की केंद्र १९२२ सालचे, उभारणी आंध्र व्हॅली पॉवर सप्लाय कंपनीची, आज मालकी टाटा पॉवरकडे. या विधानांना भाषा नसते. मराठी वाचकाला ती मराठीत दिसतात, कानडी वाचकाला कानडीत. शिवाय विकिडेटाची माहिती सर्व हक्क सोडून दिलेली असते, त्यामुळे नकाशा बनवणारा, वेळापत्रकाचे ॲप लिहिणारा किंवा शाळेतला शिक्षक, कोणीही ती विनापरवाना वापरू शकतो.

कर्जतच्या बाबतीत या यंत्राची खरी परीक्षा जिल्ह्याच्या रकान्यात होते. कुलाबा जिल्हा १८६९ मध्ये ठाण्यापासून वेगळा झाला, पण कर्जत तेव्हा ठाण्यातच राहिले. पनवेल १८८३ मध्ये कुलाब्यात गेले, कर्जत १८९१ मध्ये. पुढे १ जानेवारी १९८१ रोजी कुलाब्याचे नाव रायगड झाले. याचा परिणाम आजही अभ्यासकाला भोगावा लागतो. जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कुलाबा-जंजिरा खंड १८८३ चा. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांचे किंवा माथेरानचे वर्णन त्यात शोधणारा माणूस रिकाम्या हाताने परततो, कारण ते १८८२ च्या ठाणे खंडांत आहे. म्हणून कर्जतच्या नोंदीत ‘जिल्हा : रायगड’ एवढे लिहून भागत नाही. ठाणे – १८९१ पर्यंत; कुलाबा – त्यानंतर; रायगड – १९८१ पासून, अशी तारखांसह तीन विधाने हवीत. विकिडेटात प्रत्येक विधानाला आरंभ आणि शेवटाची तारीख जोडायची सोय आहे. ज्याने ती पहिल्यांदा भरली त्याचे नाव बदलांच्या इतिहासाबाहेर कुठे दिसत नाही, पण त्याने पुढच्या प्रत्येक संशोधकाचा एक दिवस वाचवलेला असतो.

दुसरे कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, तेही तालुक्याचे गाव. बातमीच्या पानावर नुसते ‘कर्जत’ असे लेबल लावले की भीमेच्या खोऱ्यातला पाऊस उल्हास नदीकाठच्या वाचकाला दाखवला जातो. इथे एकाच नावाच्या जागा वेगवेगळ्या करून दाखवणारे एक निःसंदिग्धीकरण पान आणि जिल्ह्याचे एक विधान पुरते.

मराठी संकेतस्थळांसाठी सगळ्यांत दुर्लक्षित नोंद मात्र याहून लहान आहे. पानाच्या आज्ञावलीत भाषेसाठी दोन अक्षरे लिहायची असतात. ‘एमआर’ म्हणजे मराठी, ‘एचआय’ म्हणजे हिंदी. देवनागरी दोन्हींची असल्याने अनेकांना हा फरक किरकोळ वाटतो. परंतु चांगल्या फॉन्टमध्ये मराठीचे ल आणि श वेगळे काढलेले असतात, आणि ते दाखवायचे की हिंदी वळणाचे दाखवायचे हे फॉन्ट या दोन अक्षरांवरून ठरवतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठी वर्णमालेचे प्रमाण रूप ठरवून दिले, त्यात ही ल आणि श ची वळणे आहेत. दृष्टिहीन वाचकाला मजकूर वाचून दाखवणारी प्रणालीसुद्धा याच खुणेवरून आवाज निवडते. खूण चुकली की मराठी वाक्य हिंदी उच्चारात ऐकावे लागते.

‘दऱ्या’, ‘किनाऱ्या’ यांतला ऱ्य हाही असाच. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे साठवता येतो : नुक्तायुक्त ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र, हलन्त आणि एका न दिसणाऱ्या जोडचिन्हाने. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधयंत्राला ते वेगळे शब्द वाटू शकतात. सह्याद्रीच्या दऱ्यांवर लिहिणाऱ्या संकेतस्थळाने एकच पद्धत ठरवून सगळीकडे तीच पाळावी.

यात नवे असे थोडेच आहे. वाईच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला, तेव्हाच नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव, संदर्भग्रंथ आणि संबंधित नोंदीकडे नेणारे ‘पहा’ हे सगळे जागच्या जागी होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हाताखालच्या संपादकांनी कागदावर जी शिस्त बाळगली, तिचेच आजचे नाव मेटाडेटा. विश्वकोशाचे खंड संकेतस्थळावर आले तेव्हा ती शिस्त कामाला आली. ज्या नियतकालिकांचे जुने अंक नुसत्या स्कॅन केलेल्या प्रतिमा म्हणून चढवलेले आहेत, ना मजकूर ओळखलेला, ना अंकाची तारीख नोंदलेली, त्यांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही.

भिवपुरीची नोंद पुन्हा वाढणार आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य शासनाशी उदंचन जलविद्युत प्रकल्पांचा करार केला. त्यातला १,००० मेगावॅटचा प्रकल्प भिवपुरीला आहे. तो १९२२ च्या केंद्रात मिसळून टाकू नये. त्याला स्वतःचा क्रमांक, स्वतःची तारीख मिळायला हवी.

कर्जत-खालापूरच्या कितीतरी घरांत वीजकेंद्राचे, घाटातल्या रेल्वेचे, खोपोलीच्या जुन्या बाजाराचे फोटो असतील. स्वतः काढलेला किंवा हक्क संपलेला फोटो विकिपीडियाच्या चित्रसंग्रहात, म्हणजे विकिमीडिया कॉमन्सवर, चढवताना फाइलचे नाव कॅमेऱ्याने दिलेल्या आकड्यांवर सोडू नका. ठिकाण, साल, दिसणारी इमारत, काढणाऱ्याचे नाव मराठीत लिहा. घराच्या आतला फोटो असेल तर त्यातले निर्देशांक काढून टाका. आणि भिवपुरी लिहाल तेव्हा तीनपैकी कोणती, तेही लिहा.