पंधरा दिवसांत वय होत नाही!

पंधरवड्यापूर्वीपर्यंत दळणाचा डबा स्वतः गिरणीवर नेणाऱ्या आजीचा हात एकाएकी पोलक्यात जाईना. सकाळी वेणी घालता येईना, कूस बदलताना कळ, बाजेवरून उठायला आधार. दुपारी मात्र अंग बरंच मोकळं. अमरावती असो की अकोला, घरात निदान ठरलेलं : ‘वात आहे, वय झालं.’

पण पंधरा दिवसांत कुणाचं वय होत नाही. हा ‘पॉलीमायाल्जिया ऱ्हुमॅटिका’ असू शकतो. पन्नाशीनंतर, बहुधा सत्तरीच्या आसपास आणि बायकांना अधिक होणारा आजार. १८८८ मध्ये स्कॉटलंडच्या डॉ. विल्यम ब्रूस यांनी तो नोंदवला. नाव स्नायूंच्या दुखण्याचं, पण सूज असते ती खांद्या-खुब्यांच्या सांध्यांच्या अस्तरात आणि भोवतीच्या द्रवपिशव्यांत. उत्तर युरोपात तो बराच आढळतो. आपल्याकडे कमी, म्हणून चटकन आठवत नाही.

त्याची खात्री देणारी एकच अशी तपासणी नाही. दोन्ही खांदे दुखणं, सकाळचा ताठरपणा पाऊण तासाहून जास्त टिकणं आणि रक्तात ईएसआर, सीआरपी वाढणं, यांची सांगड घालावी लागते. ईएसआर म्हणजे उभ्या नळीत तांबड्या पेशी तासाभरात किती खाली बसतात ते माप. रक्तक्षयात ते उगाच वाढतं. उलट विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात वाकड्या पेशींची चळत लागत नाही, त्या सावकाश खाली बसतात, म्हणून ते फसवं कमी येतं. त्यामुळे सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन, तेही पाहायला हवं.

थायरॉईड, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, चिकनगुनिया, आमवात, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, क्वचित कर्करोग यांनीही असंच दुखतं. ते आधी तपासायचं. प्रेडनिसोलोन या स्टेरॉईड गोळीच्या कमी मात्रेने काही दिवसांतच आराम पडतो, पण स्टेरॉईडने इतर दुखणीही दबतात आणि साखर वाढते. म्हणून तपासणीआधी कुणाच्याही सांगण्यावरून ती गोळी घेऊ नये, आणि सुरू झाल्यावर मनाने बंदही करू नये.

कानशिलाला ठणका, भाकर चावताना जबडा दुखणं, अंधूक किंवा दोन-दोन दिसणं यातलं काही आढळलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. याच आजाराच्या सोबतीने कधी कधी डोक्याच्या धमन्या सुजतात आणि गेलेली नजर बहुधा परतत नाही.

अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात जा की अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात, डॉक्टरांना तीन गोष्टी नक्की सांगा : कधीपासून दुखतं, दोन्ही बाजूंना दुखतं का आणि सकाळी अंग मोकळं व्हायला किती वेळ लागतो.