चौधरी चरणसिंह : महसूल खात्याने घडवलेला नेता

चौधरी चरणसिंह (१९०२-१९८७) हे उत्तर प्रदेशातील मध्यम शेतकरी वर्गाचे पहिले मोठे नेते. दोनदा राज्याचे मुख्यमंत्री, केंद्रात गृहमंत्री व अर्थमंत्री आणि शेवटी पंतप्रधान, एवढी पदे त्यांच्या वाट्याला आली. तरीही त्यांच्या कर्तृत्वाचा गाभा १९४६ ते १९५९ या काळातील लखनौच्या महसूल कारभारात आहे. दिल्लीच्या सत्ताकारणाच्या चष्म्यातून पाहणाऱ्या भाष्यकारांनी त्यांना पक्षांतर आणि औटघटकेचे पंतप्रधानपद यांपुरते उरवले, हा त्यांच्यावरचा आणि वाचकांवरचाही अन्याय आहे.

मेरठ जिल्ह्यातील नूरपूर येथे २३ डिसेंबर १९०२ रोजी एका जाट कूळ-शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आग्रा कॉलेजात विज्ञान आणि इतिहास, पुढे कायदा, आणि गाझियाबादेत वकिली, असा त्यांचा क्रम होता. आर्य समाजाने त्यांना साधेपणा आणि जातिभेदाचा तिटकारा दिला, गांधीजींनी खेड्याकडे पाहण्याची दृष्टी दिली. १९३०, १९४० आणि १९४२ च्या आंदोलनांत त्यांनी तुरुंगवास भोगला. १९३७ मध्ये ते छपरौली भागातून प्रांतिक विधानसभेवर गेले आणि पुढील चार दशके त्या भागाने त्यांची साथ सोडली नाही. १९३८ मध्येच त्यांनी शेतमालाच्या बाजाराचे नियमन करणारे विधेयक मांडले. बाजारात व्यापाऱ्याचे माप, आडत आणि तोलाई यांत शेतकरी नागवला जातो, हे त्यामागचे निदान होते. कर्जमुक्तीच्या १९३९ च्या कायद्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

१९४६ मध्ये गोविंद वल्लभ पंत यांच्या सरकारात ते संसदीय सचिव झाले आणि जमीनदारी निर्मूलनाचे काम त्यांच्या हाती आले. महाराष्ट्रातील वाचकाला येथे एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. आपल्याकडे बव्हंशी रयतवारी होती. शेतकरी सारा थेट सरकारला भरत असे आणि सुधारणेचा प्रश्न मुख्यतः कूळकायद्याचा होता. संयुक्त प्रांतात, म्हणजे नंतरच्या उत्तर प्रदेशात, सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये जमीनदारांची उतरंड उभी होती. ती काढून टाकणारा कायदा १९५० मध्ये तयार झाला, न्यायालयीन लढाईनंतर घटनेच्या नवव्या परिशिष्टात गेला आणि १ जुलै १९५२ पासून अमलात आला. वार्षिक खंडाच्या दहापट रक्कम भरणाऱ्या कुळाला ‘भूमिधर’ हा दर्जा, जमीन विकण्याचा हक्क आणि निम्मा सारा मिळाला. न भरणारा ‘सीरदार’ झाला. त्याची वहिवाट वंशपरंपरेने पक्की झाली, मात्र विक्रीचा हक्क मिळाला नाही.

या कायद्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग ‘अधिवासी’ या वर्गाचा होता आणि चरणसिंहांना धनदांडग्या शेतकऱ्यांचे वकील म्हणणारे टीकाकार नेमका तोच भाग वगळतात. अधिवासी म्हणजे मुख्यतः पोटकुळे, आणि १३५६ फसली, म्हणजे १९४८-४९ या वर्षाच्या दप्तरात ज्यांची वहिवाट नोंदलेली होती असे कसणारे. त्यांत दलित आणि इतर दुबळ्या जातींचे लोक मोठ्या संख्येने होते. त्यांना बेदखल करून जमीन ‘खुदकाश्त’, म्हणजे मालकाची स्वतः कसलेली, ठरवण्याचा दबाव काँग्रेस पक्षातूनच आला होता. चरणसिंह अडून बसले आणि १९५४ च्या दुरुस्तीने अधिवासी सीरदार झाले. जमीनदारांच्या घरच्या शेतीला हात लागला नाही आणि निव्वळ मजुरी करणाऱ्याला जमीन मिळाली नाही, या मर्यादा खऱ्याच आहेत. पण ज्याच्याजवळ केवळ खसऱ्यातील, म्हणजे शेतवार पीकनोंदीच्या वहीतील, एक ओळ होती, त्याला तिच्या बळावर मालकीच्या उंबरठ्यापर्यंत आणणे, हे त्या काळी फार थोड्या राज्यांना साधले.

खसऱ्यातील ती ओळ लिहीत असे पटवारी, म्हणजे आपला तलाठी. कोणत्या शेतात कोणाचे पीक उभे आहे, हे त्याच्या लेखणीवर अवलंबून होते आणि त्या लेखणीला गावोगाव भाव होता. १९५३ मध्ये पटवाऱ्यांनी मागण्यांसाठी सामुदायिक राजीनामे दिले. सरकार नमेल, असा त्यांचा हिशोब होता. महसूलमंत्री चरणसिंहांनी हजारोंचे राजीनामे सरळ मंजूर केले आणि ‘लेखपाल’ या नव्या पदावर भरती केली. जमीन सुधारणेचा कायदा विधानसभेत जिंकला, तरी तो दप्तरात हरू शकतो, ही जाण या निर्णयामागे होती.

त्याच वर्षीचा चकबंदी कायदा हे त्यांचे सर्वांत चिकाटीचे काम. मुंबई राज्यात तुकडेबंदी-तुकडेजोडीचा कायदा १९४७ चा. त्याची कथा मराठी शेतकऱ्याला ठाऊक आहे. उत्तर प्रदेशात एकाच कुटुंबाची जमीन गावाच्या चारी दिशांना विखुरलेली असे. बैल एका तुकड्यातून दुसऱ्यात नेण्यातच दिवस मोडे. चकबंदीचे पथक गावात येई, नकाशा आणि खतावणी जुळवून पाही, प्रत्येक तुकड्याचे मोल गावातील उत्तम जमिनीच्या प्रमाणात ठरवी आणि तेवढ्या मोलाची सलग जमीन, म्हणजे ‘चक’, खातेदाराला देई. रस्ते, पाण्याचे पाट, शाळा यांसाठीही त्यातूनच जागा निघे. तंटे झाले, लाचखोरीही झाली. तरी पश्चिम उत्तर प्रदेशात पुढे नलिका विहिरी आणि ऊस पसरला, तो या सलग शेतांवर. स्वतःच्या विहिरीचे पाणी सात ठिकाणच्या तुकड्यांना पुरवता येत नाही. हरित क्रांतीचे सारे श्रेय बियाणे आणि खतांना देणाऱ्यांनी हा पाया मोजलेला नाही.

जानेवारी १९५९ मध्ये नागपूर येथे काँग्रेस अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा ठराव आला. पंडित नेहरू त्याच्या पाठीशी होते. चरणसिंहांनी उभे राहून विरोध केला. त्यांचा युक्तिवाद असा : भारतात जमीन कमी आणि माणसे पुष्कळ, म्हणून दर मजुरामागे नव्हे, दर एकरामागे किती पिकते ते पाहिले पाहिजे, आणि त्यात लहान शेतकरी सरस ठरतो. कर्ज, खरेदी, विक्री यांत सहकार हवा, पण बांध मोडून शेते एक केली की कसणाऱ्याची आच जाते. त्याच वर्षी त्यांनी या विषयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. १९६२ मध्ये अमर्त्य सेन यांनी शेती व्यवस्थापनाच्या पाहण्यांवरून लहान शेताची एकरी उत्पादकता अधिक असल्याकडे लक्ष वेधले, तेव्हा अर्थशास्त्रात त्यावर मोठा वाद सुरू झाला. महाराष्ट्राने सहकार साखर कारखान्यांत आणला आणि शेत शेतकऱ्याकडेच ठेवले. चरणसिंहांच्या भूमिकेला याहून चांगला दाखला नाही. नागपूरनंतर काही महिन्यांतच त्यांना मंत्रिपद सोडावे लागले.

पुढील राजकारण सर्वपरिचित आहे. एप्रिल १९६७ मध्ये ते काँग्रेसमधून बाहेर पडले आणि राज्याचे पहिले बिगर-काँग्रेसी मुख्यमंत्री झाले. १९७० मध्ये पुन्हा. दोन्ही सरकारे अल्पायुषी ठरली. त्यांच्या भारतीय क्रांती दलाने १९६९ मध्ये विधानसभेच्या ९८ जागा जिंकल्या आणि काँग्रेसबाहेर शेतकरी जातींची स्वतंत्र ताकद उभी राहिली. १९७४ मध्ये भारतीय लोकदल, मग आणीबाणीतील तुरुंगवास, आणि १९७७ मध्ये लोकदलाच्याच हलधर चिन्हावर लढलेल्या जनता पक्षाने राज्यातील लोकसभेच्या सर्व ८५ जागा घेतल्या. अर्थमंत्री म्हणून १९७९ च्या अंदाजपत्रकात त्यांनी खतांवरील अबकारी कर निम्मा केला. २८ जुलै १९७९ रोजी ते पंतप्रधान झाले, यशवंतराव चव्हाण उपपंतप्रधान. इंदिरा काँग्रेसने पाठिंबा काढताच २० ऑगस्टला, लोकसभेला सामोरे न जाता, त्यांनी राजीनामा दिला. काळजीवाहू म्हणून ते जानेवारी १९८० पर्यंत राहिले. ही महत्त्वाकांक्षा त्यांच्या प्रतिमेला कायमची भोवली, हे मान्य केलेच पाहिजे.

२९ मे १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. लोकदल फुटले, अजितसिंह, मुलायमसिंह यादव, देवीलाल यांनी आपापल्या वाटा धरल्या. वारसदारांनी जातींची बेरीज घेतली आणि जमिनीचा अभ्यास सोडला. १९८८ मध्ये महेंद्रसिंह टिकैत यांनी मेरठला वेढा घातला, तेव्हा शेतकऱ्यांचा आवाज पक्षांच्या बाहेर गेला होता. आजच्या नेत्याला त्याच्या राज्यातील धारणक्षेत्र, खंड आणि सारा यांचे आकडे विचारावेत. उत्तर क्वचितच मिळेल. चरणसिंहांनी मंत्रिपदावर असतानाही या विषयांवर लिहिले आणि विरोधकांना आकड्यांनी उत्तरे दिली.

२३ डिसेंबर हा किसान दिन म्हणून पाळला जातो. २०२४ मध्ये त्यांना भारतरत्न जाहीर झाले. १९५० चा जमीनदारी निर्मूलनाचा कायदा २०१६ मध्ये नव्या महसूल संहितेने बाजूला सारला. पण उत्तर प्रदेशातील खातेदार आजही ‘भूमिधर’ म्हणूनच नोंदला जातो. चरणसिंहांच्या कार्याचे मूल्यमापन त्यांच्या पंतप्रधानपदाच्या दिवसांवरून करण्याऐवजी या नोंदीपासून सुरू व्हायला हवे.