घरकुलाचा नकाशा कोण काढतो?

कोयना प्रकल्प सातारा जिल्ह्यातला. क्षमता १,९६० मेगावॅट. त्याच जिल्ह्याच्या माण-खटावमध्ये किंवा शेजारच्या सांगलीतील जत-आटपाडीत, मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या घरकुलात तासभर बसून दाखवा, असे आमचे नियोजनकर्त्यांना जाहीर आवाहन आहे. पंखा गरम हवाच फिरवतो, बिल मात्र वाढवतो. पक्षकारांच्या कामासाठी आम्ही या वस्त्यांत जातो, तेव्हा माणसे घरात नव्हे, लिंबाखाली भेटतात.

मोठ्या शहरांत आता ‘एकात्मिक आराखडा’ हा शब्द रूढ झाला आहे. वास्तुविशारद, अभियंता, वीजतंत्री आणि तिथे राहणारी माणसे पाया खोदण्यापूर्वीच एकत्र बसतात. दिशा, भिंत, छप्पर, खिडकी, झाड यांचा एकत्र विचार होतो. पंखे-यंत्रे किती लागतील, हे शेवटी ठरते. आमच्या वस्तीत सगळे उलटे! आधी डबा उभा करायचा, मग गारव्यासाठी वीज जाळायची.

मे महिन्याच्या पूर्वार्धात या दोन्ही जिल्ह्यांत सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो. एकमजली घर तापते ते मुख्यतः छपरातून. छपराला पांढरा चुना, उत्तर-दक्षिण समोरासमोर खिडक्या, त्यांवर छज्जा, पश्चिमेला झाड. यासाठी काही कोट्यवधी लागत नाहीत. धाब्याची जुनी घरे बांधणाऱ्या गवंड्यांना हे शहाणपण होते. पण महाबळेश्वर-पाटणच्या पावसात धाबे टिकत नाही, तिथे उतरते छप्परच हवे. मग एका जिल्ह्यात दोन हवामाने असताना नकाशा एकच कसा?

आता कायदा पाहू. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारतीही त्यात आल्या, पण अट १०० किलोवॅट वीजभाराची. ती खाली आणण्याची मुभा राज्यांना आहे. निवासी घरांसाठी २०१८ मध्ये संहिता आली, ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी. रमाई आवासचे घर २६९ चौरस फुटांचे! म्हणजे ज्याला गारवा विकत घेता येतो त्याच्यासाठी नियम, आणि ज्याला येत नाही त्याच्यासाठी पत्रा.

दलितांच्या घरांसाठी झालेल्या भूसंपादनाच्या चमेली सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये निवाऱ्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला. त्यात पुरेसा उजेड आणि शुद्ध हवाही मोजली. चार भिंती उभ्या केल्या की शासनाची जबाबदारी संपत नाही.

बाबासाहेबांचे सुरुवातीचे काही शालेय शिक्षण साताऱ्यात झाले. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याबरोबर विजेचे धोरणही त्यांच्याकडे होते. स्वस्त वीज गरिबाला दारिद्र्यातून वर काढील, हा त्यांचा आग्रह. ती वीज तापलेला पत्रा थंड करण्यात संपावी काय? मुलांच्या अभ्यासाला, शिलाई मशीनला ती उरली पाहिजे.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत मागणी करा: तालुक्याच्या हवामानाप्रमाणे नकाशे द्या, आणि नकाशा ठरवताना गावच्या गवंड्याला व घरच्या बाईला आधी विचारा. घर बांधून झाल्यावर अर्ज करून उपयोग नाही. जयभीम!