फेरफार केलेली डिझेल गाडी व धुराची परीक्षा

शक्ति वाढावी म्हणून डिझेल पिकअप गाडीच्या इंजिनांत फेरफार करणारे अमेरिकेंत पुष्कळ आहेत. परंतु तेथील कॅलिफोर्निया राज्यांत १९९८ व त्यापुढील बनावटीच्या, भारासह १४,००० पौंडांपर्यंतच्या डिझेल गाडीस सामान्यतः दर दोन वर्षांनीं धुराची परीक्षा द्यावी लागते. तींत ती न उतरल्यास नोंदणीचें नूतनीकरण अडतें.

काळा धूर दिसत नाहीं, एवढ्यानें भागत नाहीं. काजळीची गाळणी वगैरे मूळचे भाग जागेवर आहेत कीं नाहींत, हें परीक्षक पाहतो. धुराशीं संबंध असलेला भाग बदलला असल्यास त्यावर राज्याच्या हवा-मंडळाचा मंजुरी-क्रमांक लागतो. जुलै २०२१ पासून इंजिनाच्या संगणकांतील आज्ञावलीहि तपासली जाते.

ऐन वेळीं संगणकांतील दोषांची नोंद पुसणें हा उपाय नव्हे. तसें करतांच गाडीच्या अंतर्गत तपासण्या अपुऱ्या ठरतात. त्या पुऱ्या होण्यास गाडी कांहीं दिवस नेहमींप्रमाणें चालवावी लागते. सबब काढलेले मूळ भाग विकूं नयेत, मंजुरीचा कागद जपावा व मूळ आज्ञावली मुदतीपूर्वींच पुन्हां बसवून घ्यावी. गाळणी काढणें सोपें. नवी विकत घेणें मात्र फार महाग पडतें.