एका ओळीमागचा कॉलम

सेंद्रिय रसायनशास्त्राच्या शोधनिबंधात प्रयोगाचा तपशील देताना मिश्रण कॉलमने शुद्ध केल्याचा उल्लेख एका ओळीत उरकलेला असतो. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ती ओळ घडताना मी पाहिली. सकाळी सुरू झालेलं काम दिवेलागणीला संपलं.

अभिक्रिया रात्रीच पूर्ण झाली होती. फ्लास्कच्या तळाशी काकवीसारखं क्रूड, म्हणजे अशुद्ध मिश्रण होतं. हवा तो पदार्थ त्यात होता, नको ते पदार्थही होते. पीएचडीच्या शेवटच्या वर्षातल्या ताईने काचेची उभी नळी स्टँडला लावली, तळाशी कापसाचा बोळा बसवला आणि सिलिका पेट (पेट्रोलियम) इथरमध्ये कालवून स्लरी केली. हे सगळं फ्यूम हुडमध्ये, कारण सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक. स्लरी ओतताना ती काचेवर रबरी नळीने हलकेच ठोकत होती. हवेचा बुडबुडा अडकला की द्रव आडवाटेने पळतो आणि पट्टा वाकडा उतरतो.

"पातळी खाली जाऊ देऊ नकोस. सिलिका कोरडी पडली की तडा गेलाच म्हणून समज," तिने शेजारच्या नवख्या मुलाला बजावलं.

सिलिकाच्या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट ध्रुवीय रेणूंना धरून ठेवतात, कमी ध्रुवीय रेणू आधी सुटतात. म्हणून पेट इथरमध्ये इथाइल अ‍ॅसिटेट बेताबेताने वाढवायचं. घाई केली की सगळंच एकदम खाली. हा बेत पुस्तकात शिकता येत नाही. तो हाताखाली राहूनच येतो, आणि शोधनिबंधात त्याला जागा नसते याची मला खरोखर खंत वाटते.

वॉर्सात वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेतने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खडूची भुकटी भरलेल्या नळीतून पानांतली रंगद्रव्यं अशीच वेगळी केली होती. तो 1919 मध्ये वारला; त्याच्या पद्धतीला मान मिळाला तो 1931 नंतर, हायडेलबर्गमध्ये रसायनशास्त्रज्ञ कून आणि लेडरर यांनी ती वापरून दाखवल्यावर. त्याचे पट्टे डोळ्यांना दिसायचे. इथे पदार्थ रंगहीन, म्हणून कॉलममधून उतरणारा द्रव क्रमाने नळ्यांत गोळा करायचा आणि अशा प्रत्येक फ्रॅक्शनचा थेंब टीएलसी प्लेटवर, म्हणजे सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर लावायचा. थेंब लावायची रेघ पेन्सिलचीच, शाई द्रवाबरोबर वर चढते. प्लेट यूव्हीखाली धरली की हिरव्या चमकेवर गडद स्पॉट उमटतात.

दुपारी मुलगा म्हणाला, "ताई, एकवीस ते चोवीस मिक्स आलंय. पोलॅरिटी लवकर वाढवली मी."

"बरं. बाजूला ठेव. पुन्हा कॉलम लावू."

इतकंच. पण सगळं काम या इतक्यावर उभं आहे. संघटनांच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांत औषधांच्या चुका अभ्यासल्या, तेव्हा चांगल्या चमूंमध्ये चुकांची नोंद जास्त आढळली, कारण तिथे चूक सांगायला माणसं भीत नव्हती. यातूनच पुढे चमूंमधल्या मानसिक सुरक्षिततेवरचा त्यांचा 1999 चा शोधनिबंध आला. धाकात चालणाऱ्या प्रयोगशाळेत त्या चार नळ्या गुपचूप शुद्ध मालात ओतल्या जातात. पुढची अभिक्रिया फसते, आणि का फसली ते शोधण्यात महिने जातात.

संध्याकाळी शुद्ध फ्रॅक्शन रोटावर, म्हणजे द्रावक उडवून लावणाऱ्या फिरत्या यंत्रावर आटवून वजन केलं. मिक्स माल त्यात धरला नाही. उताऱ्याची टक्केवारी त्यामुळे बरीच घसरली, आणि वहीत तीच लिहिली गेली.