केंस पांढरे कां होतात? वय आणि तांब्याची उणीव

बाजारांत जनावर पारखणारा शेतकरी डोळ्यांभोंवतींचे काळे केंस करडे दिसले कीं, जनावर उतारवयास लागलें असें समजतो. ही समजूत नेहमींच खरी नसते.

केंसाच्या मुळाशीं असलेल्या सूक्ष्म पेशी मेलॅनिन नांवाचें रंगद्रव्य तयार करून वाढत्या केंसांत भरतात. जुना केंस गळून नवा उगवतांना या पेशीही नव्यानें लागतात व त्या मुळाजवळ राखून ठेवलेल्या मूलपेशींपासून होतात. कणगींतील बियाणें संपलें म्हणजे पेरा थांबावा, तशीच ही गोष्ट आहे. वयाबरोबर मूलपेशी सरत जातात, असें २००५ सालीं उंदरांवरील संशोधनांत दिसलें. कांहीं मूलपेशी शिल्लक असूनही जागींच अडकून पडतात, असें २०२३ सालीं आढळलें. मनुष्याचे केंस पिकतात त्याचें मुख्य कारण हेंच होय.

गुरांच्या बाबतींत मात्र दुसरें एक कारण ध्यानांत ठेवावें. मेलॅनिन तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकरांत तांबें असतें. चाऱ्यांतून तें कमी मिळालें, तर तरुण जनावराचेही काळे केंस तांबूस वा राखी होतात. विशेषतः डोळ्यांभोंवतीं चष्म्यासारखें कडें दिसतें. चाऱ्यांत मॉलिब्डेनम व गंधक अधिक असल्यास तीं द्रव्यें पोटांत तांब्यास जखडून टाकतात. मग तांबें असूनही अंगीं लागत नाहीं. अशा जनावरास हगवण लागते, रक्त कमी होतें, गाय वेळेवर माजावर येत नाहीं.

म्हणून वय दांतांवरून ठरवावें. पहिली पक्क्या दांतांची जोडी सुमारें दोन वर्षांनीं येते व चार ते पांच वर्षांत तोंड जुळतें. दांत तरुण आणि केंस करडे, तर चाऱ्याकडे पाहावें. खिलार वासराच्या डोक्यावरील तांबूस रंग कांहीं महिन्यांत जातो, तो मात्र जातीचा गुण आहे. त्याची काळजी नको.

गुरांना दर किलो कोरड्या चाऱ्यामागें सुमारें १० मिलिग्रॅम तांबें पुरतें. तेव्हां अंदाजानें मोरचूद चारूं नये. मेंढ्यांना तर थोडें अधिक तांबेंही प्राणघातक ठरतें. पशुवैद्याकडून रक्ताची परीक्षा करवून योग्य खनिज मिश्रण द्यावें. म्हातारें म्हणून कवडीमोलानें विकलेलें जनावर कदाचित् केवळ उपाशी असेल.