त्रिशूळ दाखविणारा कॅमेरा

केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक-प्रयोगशाळेत 1991 साली काही संशोधकांनी कॉफीच्या एका भांड्यासमोर कॅमेरा लावला. भांडे एका खोलीत आणि कॉफी पिणारी मंडळी इमारतभर विखुरलेली. जिने उतरून जावे आणि भांडे रिकामे आढळावे, हा त्रास वाचविणे एवढाच त्यांचा हेतू होता. 128 गुणिले 128 ठिपक्यांचे ते करडे चित्र 1993 मध्ये इंटरनेटवर आले, आणि 2001 साली तो कॅमेरा बंद होईपर्यंत ज्यांना त्या कॉफीचा एक घोटही मिळणार नव्हता, अशा असंख्य लोकांनी ते भांडे हौसेने पाहिले. दूरची वस्तू या क्षणी कशी आहे हे कळावे, ही माणसाची ओढ मोठी विलक्षण म्हटली पाहिजे. कॉफीच्या भांड्याची ही कथा, तर हिमालयाची काय असेल?

नोकरीच्या निमित्ताने काही काळ माझा मुक्काम कुमाऊंत होता. तेथील कौसानी हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 1,890 मीटर उंचीवर आहे. महात्मा गांधी 1929 साली येथे राहून गेले, आणि हिंदी कवी सुमित्रानंदन पंत यांचा जन्म येथलाच. गावाच्या उत्तरेस आणि ईशान्येस हिमशिखरांची रांग उभी आहे : 7,120 मीटर उंचीचा त्रिशूळ, त्याच्या उजवीकडे 7,816 मीटरांची नंदादेवी, आणि आणखी पूर्वेकडे पंचाचूली. तेथील एका अतिथिगृहाच्या गच्चीवर कॅमेरा लावून हे दृश्य घरबसल्या सर्वांना दाखवावे, अशी कल्पना निघाली, आणि कॅमेरा निवडण्याचे काम माझ्याकडे आले. मी तो निवडला, आणि चुकीचा निवडला. आजचे हे बोलणे त्या चुकीवरच उभे आहे.

माझी चूक अशी की, मी चोरांवर नजर ठेवणारा कॅमेरा घेतला. दुकानात बहुधा तोच मिळतो. दुकानदाराने तो रुंद पट्टा टिपतो म्हणून त्याची स्तुती केली, आणि रुंद दृश्य म्हणजे भव्य दृश्य असा माझाही समज होता. प्रत्यक्ष चित्र आले तेव्हा त्यात आकाश पुष्कळ होते, चीडवृक्षांचे रान पुष्कळ होते, आणि मध्ये पांढऱ्या दोऱ्याएवढा हिमालय होता.

असे का झाले, हे थोड्या गणिताने समजते. कौसानीपासून त्रिशूळ सरळ रेषेत सुमारे 55 किलोमीटर दूर आहे आणि आपल्या पातळीहून सव्वापाच किलोमीटर उंच आहे. म्हणजे आपल्या डोळ्याशी तो जेमतेम पाच अंशांचा कोन करतो. हात लांब करून तीन बोटे आडवी धरावीत, तेवढीच ही उंची. आपल्याला तो प्रचंड भासतो, कारण मन त्याच्यावर खिळते आणि भोवतालचे सारे विसरते. कॅमेऱ्याला मन नाही. 2.8 मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स शंभर अंशांच्या आसपास रुंदी टिपते. चित्राच्या रुंदीत 1,920 ठिपके असतील तर एका अंशाच्या वाट्याला एकोणीसच ठिपके येतात, आणि त्रिशूळाच्या उंचीस सुमारे 95. चित्राची एकूण उंची 1,080 ठिपक्यांची, त्यात हिमालयाचा वाटा एक दशांशाहूनही कमी!

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो. दुकानात जाण्यापूर्वी होकायंत्र घेऊन दृश्याचे कोन मोजावेत. कौसानीहून त्रिशूळ उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे 18 अंशांवर दिसतो आणि पंचाचूली सुमारे 62 अंशांवर. म्हणजे आपणास हवा तो पट्टा सुमारे 44 अंशांचा आहे. नेहमीच्या छोट्या, साडेपाच मिलिमीटर रुंदीच्या संवेदकापुढे 6 मिलिमीटरची लेन्स बसविली तर पन्नास अंशांच्या आतबाहेर दृश्य मिळते, आणि तो संवेदक रुंदीत 3,840 ठिपक्यांचा असेल तर त्रिशूळाच्या वाट्याला पावणेचारशेच्या वर ठिपके येतात. चौपट लाभ झाला; त्यात दुपटीचा वाटा कोन जाणून घेतल्याचा आणि दुपटीचा ठिपके वाढल्याचा. नाभीय अंतर बदलता येणारी लेन्स घेतली तर गणितातील लहानसहान चूक जागेवरच सुधारता येते. मात्र केवळ संगणकाने मोठे करून दाखविण्याच्या सोयीला भुलू नये; तीत ठिपके वाढत नाहीत, फक्त फुगतात.

दुसरी गोष्ट सूर्याची. दृश्य उत्तरेकडे असेल तर वर्षाचा बहुतेक काळ सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी राहतो, हे कौसानीचे मोठेच भाग्य. जूनच्या उत्तरार्धात मात्र तो उत्तरेपासून 63 अंशांवर, म्हणजे जवळजवळ पंचाचूलीच्याच दिशेने उगवतो. तेवढे दिवस सकाळी भिंगात किरण शिरतात आणि चित्र पुसट होते. त्याला लहानशी झापड हा थोडाफार उपाय आहे, एरवी सोसावे.

पहाटेच्या रंगाने मला अधिक सतावले. सूर्योदयाच्या वेळी त्रिशूळाचे माथे गुलाबी होते, पुढे केशरी, पुढे पिवळे. माझ्या कॅमेऱ्यात ते नुसते पांढरे दिसे. पुष्कळ शोधाअंती कारण सापडले. रंगांचा समतोल आपोआप साधण्याची जी सोय या यंत्रांत असते, तिला कोणताही लालिमा दोष वाटतो आणि ती तो इमानाने धुऊन काढते. तो समतोल दिवसाच्या उजेडावर कायमचा बांधून टाकताच गुलाबी रंग परत आला. हेच प्रकाशमापाचे. खालचे काळे रान उजळविण्याच्या नादात यंत्र वरचा बर्फ जाळून टाकते. म्हणून उजेडाचे प्रमाण हाताने थोडे कमी ठेवावे. फोकसही अनंतावर पक्का करावा, नाही तर धुके येताच लेन्स पुढेमागे चाचपडत राहते. तेव्हा, श्रोतेहो, जो कॅमेरा या तीन गोष्टी आपल्या हाती देत नाही तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

रात्री उजेड पाडणारे अवरक्त दिवे तर प्रथम बंदच करावेत. पंचावन्न किलोमीटर दूरचे शिखर त्यांनी उजळत नाही. उजळतात ते धुक्याचे कण, पावसाचे थेंब आणि किडे. किड्यांमागून कोळी येतात, आणि एका सकाळी हिमालयावर जाळे पसरलेले दिसते.

हवामानाविषयी थोडक्यात सांगतो. कॅमेऱ्याच्या आवरणावर आय.पी. 66 हा निर्देश असावा. पहिला सहा धूळ आत शिरत नाही असे सांगतो, दुसरा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यापासून संरक्षण सांगतो. वीज आणि चित्र दोन्ही एकाच तारेने नेणारी पद्धत उत्तम. तिची मर्यादा शंभर मीटर. तार नळीतून न्यावी, कारण डोंगरी वानरांना लोंबणाऱ्या तारेचे फार आकर्षण. विजांच्या प्रदेशात जमिनीशी जोड आणि संरक्षक बसविल्याशिवाय कॅमेरा लावणे म्हणजे पहिल्या वळवाला तो अर्पण करणे होय.

आता अखंड चलच्चित्र दाखवावे की ठरावीक वेळाने स्थिर चित्र? सेकंदाला चार मेगाबिटचा प्रवाह तासाला 1.8 गिगाबाइट आणि दिवसाला 43 गिगाबाइट होतो. डोंगरातील जोडणी तो बहुधा पेलत नाही. उलट अर्ध्या मेगाबाइटचे एक चित्र दर मिनिटाला पाठविले तर दिवसाचे 720 मेगाबाइट. समुद्राच्या लाटा दाखवावयाच्या असतील तर चलच्चित्रच हवे. पर्वत मिनिटाला एकदा पाहिला तरी त्याची तक्रार नसते. हे चित्र कॅमेऱ्याने बाहेरच्या संगणकाकडे धाडावे आणि लोकांनी ते तेथे पाहावे. थेट कॅमेऱ्याचे दार जगाला उघडू नये. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द तर पहिल्याच दिवशी बदलावा. 2016 साली 'मिराई' नावाच्या उपद्रवी प्रणालीने असले न बदललेले शब्द वापरूनच असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले होते.

हे सारे जमले, नवा कॅमेरा लागला, आणि आठवड्याभरात खालच्या वाडीतील एक वृद्ध बाई गच्चीवर चढून आल्या. गाव त्यांना 'आमा', म्हणजे आजी, म्हणे. त्यांनी मला शांतपणे विचारले, "साहेब, तुमचा हा डोळा आमच्या अंगणात का पाहतो?" मी म्हटले, "आमा, तो हिमालय पाहतो." त्या म्हणाल्या, "मग माझ्या नातवाला दिल्लीत माझी वाळत घातलेली धोतरे कशी दिसली?"

मी निरुत्तर झालो. ठिपके वाढविण्याच्या आनंदात चित्राच्या खालच्या कडेला चार घरांची अंगणे आली होती, आणि ती आता स्पष्टही दिसत होती. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला, हे मी कार्यालयात कितीदा तरी उद्धृत केले असेन! बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राचा नको तो भाग काळा करण्याची सोय असते. आम्ही प्रथम ती वापरली. पण हिमालयाच्या पायथ्याशी काळी पट्टी पाहवेना. अखेर कॅमेराच चार अंश वर उचलला. आकाश थोडे वाढले, अंगणे गेली. दुसऱ्या दिवशी आमांना बोलावून मोबाईलवर चित्र दाखविले. त्यांनी ते बराच वेळ न्याहाळले आणि आपले घर कोठेच नाही याची खात्री करून घेतली.

एक वाद उरला. एका उपाहारगृहाच्या चालकांनी सुचविले की, सकाळचे निर्मळ चित्र दिवसभर तसेच ठेवावे. ढग पाहून पर्यटक येत नाहीत. मी नकार दिला आणि प्रत्येक चित्रावर तारीख व वेळ उमटण्याची व्यवस्था केली. वैशाखात वणव्यांचा धूर असतो, आषाढात धुके. जो प्रवासी खर्च करून येणार, त्याला ते आधी कळलेच पाहिजे. त्या पावसाळ्यात कित्येक दिवस पडद्यावर करड्या रंगाखेरीज काही नव्हते. सांगलीहून माझ्या आईचा फोन आला, "अरे, तुमचा कॅमेरा बिघडला वाटतं." मी सांगितले, "आई, कॅमेरा ठीक आहे. कोपऱ्यातली वेळ बघ, ती बदलते आहे."